सेनोतेत उतरण्याआधी अंघोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पातील सेनोतेंची, म्हणजे चुनखडीचे छत कोसळून उघडलेल्या नैसर्गिक विहिरींची, छायाचित्रे अलीकडे प्रवास-पुरवण्यांत वरचेवर दिसतात. निळेशार पाणी, वरून लोंबणाऱ्या मुळ्या आणि छतातल्या भोकातून उतरणारा उन्हाचा झोत. सोबतच्या मजकुरात बहुधा 'निसर्गनिर्मित जलतरण तलाव' असे शब्द असतात आणि तिथेच चूक सुरू होते. तलाव म्हटले की माणूस तलावाच्या सवयी घेऊन जातो. अंगाला क्रीम चोपडतो, धावत येऊन उडी मारतो, उथळ बाजू कुठे आहे ते शोधतो. सेनोतेत यातली प्रत्येक सवय एकतर पाण्याला बाधते, नाहीतर माणसाला. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पर्यटकाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. त्यामुळे मुलांकडे अमेरिकेला गेलेले आईवडीलही आता सहज तिथल्या कानकून या किनारी शहरी जातात आणि एक दिवस सेनोतेसाठी राखून ठेवतात. त्या एका दिवसाची नीट तयारी व्हावी म्हणून हे पत्र.

आधी हे पाणी येते कुठून ते पाहू, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. हे द्वीपकल्प म्हणजे चुनखडीचा सपाट थर आहे. त्याच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी नाही. पाऊस पडला की पाणी सरळ खाली मुरते. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळल्याने ते किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवत जाते. अशा रीतीने जमिनीखाली गुहांचे जाळे तयार झाले. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती, तेव्हा यातल्या कित्येक गुहा कोरड्या होत्या. आज पाण्याखाली दिसणारे लवणस्तंभ त्या काळातले आहेत. ते हवेत थेंबाथेंबाने वाढतात, पाण्याखाली तयार होत नाहीत. पुढे समुद्र चढला, गुहा भरल्या आणि जिथे छत पातळ होते तिथे ते कोसळले. पाण्यावर उघडलेले ते तोंड म्हणजे सेनोते. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आदळलेल्या लघुग्रहाचे चिक्शुलुब विवरही याच भूमीखाली गाडलेले आहे. सुमारे १८० किलोमीटर रुंदीचे हे विवर वरून दिसत नाही, पण त्याच्या कडेने सेनोतेंची अर्धवर्तुळाकार माळ उमटली आहे.

इथल्या मूळ रहिवासी माया लोकांच्या भाषेतला मूळ शब्द 'त्सोनोत'. स्पॅनिश कानांनी त्याचा 'सेनोते' केला. चिचेन इत्झा या प्राचीन माया शहराच्या नावातच विहीर आहे: 'ची' म्हणजे तोंड, 'चेन' म्हणजे विहीर, इत्झा लोकांच्या विहिरीच्या मुखाशी वसलेले ते गाव. नदी नसलेल्या मुलखात वस्ती कुठे करायची हे सेनोतेंनी ठरवले. आजही त्या भागाच्या पिण्याच्या पाण्याचा आधार हाच भूजलसाठा आहे. शिवाय या विहिरी आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत. तुलुमजवळची साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन जलमग्न गुहाप्रणाली एकच असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाले, तेव्हा तिची मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर भरली. वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते, तसे या पोकळ दगडात होत नाही. एका तोंडातून आत गेलेली घाण जशीच्या तशी पुढे सरकते.

म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ. जवळपास प्रत्येक व्यवस्थापित सेनोतेच्या वाटेवर शॉवर असतात आणि अंघोळ सक्तीची असते. बरेच जण खांद्यावर दोन शिंतोडे घेऊन पुढे जातात. तेवढ्याने काही होत नाही, कारण 'वॉटर-रेझिस्टंट' सनस्क्रीन पाण्याने निघू नये म्हणूनच बनवलेले असते. ते सकाळी हॉटेलात लावले असेल तर दुपारी साध्या पाण्याने पुरते निघत नाही. ज्या दिवशी सेनोते, त्या दिवशी सनस्क्रीन लावायचेच नाही, हाच खात्रीचा उपाय. त्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालावा, रुंद काठाची टोपी वापरावी. 'बायोडिग्रेडेबल' किंवा 'रीफ-सेफ' असे छापलेली ट्यूब घेऊन हुज्जत घालू नये. समुद्रात लाटा आणि ऊन असते. गुहेतल्या सेनोतेत उजेड कमी आणि पृष्ठभागावरचे पाणी जवळजवळ स्थिर, त्यामुळे तिथे कोणतेही क्रीम लवकर विरत नाही. डास पळवणारे औषध, अत्तर, मेकअप यांनाही हाच नियम.

केसांच्या तेलाचा उल्लेख तिथल्या पाटीवर बहुधा नसतो, म्हणून तो इथे ठळकपणे करतो. तेल लावलेली एक वेणी पाण्यात गेली की पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग पसरतो आणि काठच्या दगडाला, लोंबत्या मुळ्यांना चिकटून बसतो. आदल्या रात्रीच शाम्पूने केस धुवावेत, सकाळी तेल लावू नये. तिथल्या शॉवरखाली साबण वापरायचा नाही, कारण ते पाणीही त्याच जमिनीत मुरते. दोन मिनिटे नुसत्या पाण्याने मान, कानामागची जागा, काखा आणि पावले हाताने चोळून धुवावीत. लवणस्तंभांना हात लावू नये याचे कारणही तेलच आहे. बोटांवरचा तेलकटपणा दगडावर बसला की त्यावर चुन्याचा नवा थर धरत नाही. पाण्यावरच्या कोरड्या भागातला जो स्तंभ अजून वाढतो आहे, तो त्या जागी थांबतो.

चिचेन इत्झा आणि सेनोते एकाच दिवशी करणाऱ्यांची मुख्य अडचण इथेच येते. भग्नावशेषांत सावली कमी असल्याने सकाळीच सनस्क्रीन लावले जाते आणि दुपारी तेच अंग घेऊन माणूस पाण्यात उतरतो. जमत असेल तर मुक्काम कानकूनऐवजी वायादोलिदला करावा आणि सेनोतेसाठी वेगळी सकाळ ठेवावी. सासी हा सेनोते तर वायादोलिद गावातच आहे, मुख्य चौकातून चालत जाता येते. श्केकेन आणि सामुला ही गुहेतली जोडी गावापासून सुमारे ७ किलोमीटरवर त्सितनुपजवळ आहे. सायकलनेही जाता येते.

वेळेबाबत एक सापळा आहे. कानकून आणि तुलुम किन्ताना रो राज्यात आहेत, तर चिचेन इत्झा आणि वायादोलिद युकातान राज्यात. किन्ताना रोचे घड्याळ युकातानच्या एक तास पुढे चालते. जाताना एक तास हाती लागतो, परतताना तोच जातो आणि संध्याकाळची बस चुकते ती नेमकी यामुळे. बसच्या तिकिटावरची वेळ कोणत्या राज्याची आहे हे विचारूनच निघावे. मोबाइलचे घड्याळ सीमेजवळच्या टॉवरनुसार मागेपुढे होते, त्यावर भिस्त ठेवू नये.

कानकूनच्या सहलींच्या बस साधारण अकरानंतर येऊन धडकतात. इक किल हा चिचेन इत्झापासून ३ किलोमीटरवरचा सेनोते त्या वेळी माणसांनी भरून जातो. त्याचे तोंड सुमारे ६० मीटर रुंद आहे, पाणी जमिनीपासून जवळपास २६ मीटर खाली, आणि तिथवर दगडात कोरलेला ओला जिना. उघड्या सेनोतेत उजेड दिवसभर असतो, म्हणून तिथे दार उघडताच पोहोचावे. छताला एकच भोक असलेल्या गुहेतले गणित वेगळे. उन्हाचा झोत सरळ पाण्यात पडतो तो माध्यान्हीच्या आसपास, युकातानच्या घड्याळाने साधारण साडेअकरा ते साडेबारा. या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कललेला असल्याने झोत तिरपा होतो, कधी पाण्याऐवजी भिंतीवर पडतो. छायाचित्रातला खांबासारखा प्रकाश डिसेंबरात दिसला नाही म्हणून हिरमुसायचे कारण नाही. मेअखेर-जूनमध्ये मात्र पावसाळा सुरू होतो. जोराची सर येऊन गेल्यावर उघड्या सेनोतेत माती आणि पालापाचोळा वाहून येतो, पाणी गढूळ होते. अशा दिवशी गुहेतला सेनोते निवडावा, आणि कोणत्याच सेनोतेचे पाणी तोंडात घेऊ नये.

प्रवेशशुल्क सगळीकडे सारखे नसते. लहान गावाच्या सेनोतेला १०० ते २०० पेसो, तर तुलुमजवळच्या प्रसिद्ध ठिकाणी ५०० पेसो किंवा त्याहूनही अधिक. लाइफ जॅकेट कुठे त्यातच येते, कुठे वेगळे भाडे पडते. गावाकडे कार्ड चालेलच असे नाही. लहान नोटांत पेसो जवळ ठेवावेत, डॉलर दिले तर हिशेब तोट्यात जातो. घसरू नये म्हणून रबरी तळव्याचे पाण्यातले बूट आणि कोरडे कपडे एवढे सोबत असले की पुरे.

आता पाण्यातल्या धोक्यांविषयी. वर ऊन पस्तीस अंशांचे असले तरी सेनोतेचे पाणी बारा महिने २४ ते २६ अंशांच्या आसपास असते. घामाघूम अंगाने एकदम उडी घेतली की श्वास अडखळतो, पायात गोळा येतो. आधी पाय, मग मान आणि छाती ओली करून शिडीने उतरावे. दुसरी गोष्ट, आदल्या दिवशी कॅरिबियन समुद्रात छान तरंगलेला माणूस इथे जड होतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्के घन असते, तेवढा आधार इथे मिळत नाही. आणि उथळ बाजू नावाची गोष्ट फार थोड्या ठिकाणी आहे. शिडीची शेवटची पायरी सुटली की खाली दहा, वीस, कधी चाळीस मीटर पाणी असते. पोहता येणाऱ्यानेही जॅकेट घालावे. घालताना तिन्ही पट्टे आवळून, खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकत असेल तर माप मोठे आहे. लहान मुलांसाठी पायांमधून जाणारा पट्टा असलेले जॅकेट मागावे. बहुतेक ठिकाणी पाण्यावर आडवा दोर बांधलेला असतो, दमल्यावर तो धरून थांबायचे.

उडीचा धोका मात्र नवख्याला दिसत नाही. छत कोसळून सेनोते बनला, म्हणजे त्या छताचे दगड कुठे गेले? ते तोंडाच्या बरोबर खाली ढीग होऊन पडलेले असतात. त्यामुळे अनेक सेनोतेंत मध्यभाग कडेपेक्षा उथळ असतो. 'मधे खोल असणार' हा तलावावरून बांधलेला अंदाज इथे डोके फोडू शकतो. पाऊसमानानुसार पाण्याची पातळीही थोडी वरखाली होते. मुद्दाम बांधलेला चौथरा असेल आणि तिथला माणूस हो म्हणेल तरच उडी मारावी, तीही पाय खाली ठेवून आणि खालची जागा रिकामी झाल्यावर. गुहेच्या कोरड्या कोपऱ्यात वटवाघळांची विष्ठा साचलेली दिसली तर आत शिरू नये. तिच्या धुळीतून फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होतो.

स्कूबा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली पोहणे, करणाऱ्यांसाठी थोडक्यात. साध्या 'ओपन वॉटर' प्रमाणपत्रावर फक्त उजेड पोहोचतो तेवढ्याच भागात, गुहा-डायव्हिंगचे पूर्ण प्रशिक्षण घेतलेल्या मार्गदर्शकासोबत जाता येते, आणि एका मार्गदर्शकामागे चारांहून जास्त जण नसावेत. हवेचा हिशेब तीन वाटण्यांचा: एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना आणि उरलेली अडचणीसाठी राखीव. जो गडी ही तिसरी वाटणी 'थोडी जास्त गंमत' म्हणून वापरू देतो, त्याच्यासोबत जाऊ नये. गोड्या पाण्यात कमरेचे वजन दोन-तीन किलो कमी लागते. समुद्रातलेच वजन ठेवले तर माणूस खाली बसतो, पायातल्या पंख्यांनी तळाचा गाळ उडतो आणि हातभर अंतरावरची वाट दाखवणारी दोरीही दिसेनाशी होते. किनाऱ्याजवळ साधारण १० ते १५ मीटरवर गोड्या पाण्याखाली खारे पाणी सुरू होते. त्या सीमेवर सगळे तेल-पाण्यासारखे धूसर दिसते, तो चष्म्याचा दोष नव्हे. पुढे गुहेच्या तोंडाशी मृत्युदूताचे चित्र असलेली थांबण्याची पाटी लागते. तिच्यापलीकडे गेलेले अनुभवी डायव्हरही मेलेले आहेत.

माया वारशाबद्दल मात्र घाईने लिहून चालणार नाही, कारण सेनोतेच्या काठावर सर्वांत जास्त चुकीची माहिती याच विषयावर दिली जाते. चिचेन इत्झाचा पवित्र सेनोते पिरॅमिडच्या उत्तरेला सुमारे ३०० मीटरवर आहे. तिथवर माया लोकांनी बांधलेला उंच पांढरा रस्ता जातो. सुमारे ६० मीटर व्यास, वीस मीटरहून खोल उभे कडे आणि खाली हिरवट पाणी. इथे पोहायला बंदी आहे. रोजच्या पाण्यासाठी गावाने श्तोलोक हा दुसरा सेनोते वापरला, हा फक्त देवाचा. पर्जन्यदेव चाक याला इथे जेड, सोने, तांब्याच्या घंटा, कोपाल नावाची धुपाची राळ आणि माणसेही अर्पण होत. 'कुमारिकांना फेकत' ही गोष्ट वाटाडे अजून रंगवून सांगतात, पण तळातून निघालेल्या हाडांत पुरुष, स्त्रिया, लहान मुले सगळेच आहेत.

एडवर्ड थॉम्प्सन या अमेरिकी वाणिज्यदूताने १८९४ मध्ये ती जमीनच विकत घेतली आणि १९०४ पासून गाळ उपसून सापडलेल्या वस्तू हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाकडे पाठवल्या. १९२६ मध्ये मेक्सिकोने त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवून मालमत्ता जप्त केली. तो वारल्यानंतर १९४४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याने कायदा मोडला नसल्याचा निकाल दिला. काही वस्तू पुढे मेक्सिकोला परत मिळाल्या, सगळ्या नाहीत. उपसताना तळाशी चार मीटरहून जाड निळ्या गाळाचा थर लागला होता. त्याचा उलगडा २००८ मध्ये झाला. याच सेनोतेतून निघालेले एक मातीचे भांडे शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहे. त्यातल्या कोपालच्या गोळ्यात संशोधकांना नीळ आणि पॅलिगॉर्स्काइट या पांढऱ्या मातीचे अंश सापडले. नीळ, माती आणि राळ एकत्र तापवली की 'माया निळा' हा सहजी न विटणारा रंग बनतो. म्हणजे हा रंग सेनोतेच्या काठावरच, पूजेचा भाग म्हणून धूप जाळत तयार होत असावा. अर्पण करायचे ते निळे रंगवून पाण्यात सोडायचे, आणि शतकानुशतके धुपून उतरलेला तो रंग तळाशी साचत गेला.

'लुप्त झालेली माया संस्कृती' हे शब्द तर छापूच नयेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत युकातानी माया भाषा बोलणारे पावणेआठ लाख लोक नोंदले गेले. सेनोतेच्या दारात तिकीट फाडणारी बाई बहुधा त्यांच्यापैकीच असते. पावसासाठीचा 'चा चाक' विधी खेड्यांत अजून होतो. त्याला लागणारे पाणी माणसांच्या वावरापासून दूरच्या सेनोतेतून किंवा गुहेतून आणतात, त्याला 'सुहुय हा' म्हणजे अस्पर्श पाणी म्हणतात. वेदीच्या पायांशी लहान मुलांना बसवतात आणि ती पावसाला बोलावण्यासाठी बेडकांसारखी ओरडतात. तेव्हा दोर बांधून बंद केलेली वाट दिसली तर ती ओलांडू नये, आणि काठावर दिसलेले मक्याचे पेय किंवा मेणबत्त्या छायाचित्रासाठी हलवू नयेत.

या पाण्यासाठी तिथले लोक लढतही आहेत. ओमुन गावाजवळ ४९,००० डुकरांच्या प्रकल्पाला परवानगी मिळाली, तेव्हा 'कानान त्सोनोत', म्हणजे सेनोतेंचे राखणदार, या नावाने गावकरी एकत्र आले. गावातल्या मुलांच्या नावाने न्यायालयात दाद मागितली गेली, २०१८ मध्ये स्थगिती मिळाली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कारण उघड आहे. डुकरांचे मलमूत्र या दगडात मुरले तर ते गावाच्या पाण्यातच उतरणार. किनाऱ्याकडे 'माया ट्रेन' या रेल्वेच्या उन्नत मार्गासाठी गुहांच्या छतांतून पोलादी खांब खाली उतरवले गेले, त्यावरही गुहा-डायव्हर आणि शास्त्रज्ञ सतत आवाज उठवत आले आहेत. पर्यटकाने यात बाजू घ्यावी असे नाही, पण आपला पैसा कुठे जातो हे तरी त्याच्या हातात असते. चिचेन इत्झाहून मेरिदा शहराच्या बाजूला सुमारे २० किलोमीटरवर योकत्सोनोत गावाचा सेनोते आहे. तिथला कारभार गावातल्या माया स्त्रियांची सहकारी संस्था पाहते. पूर्वी कचऱ्याने भरलेली जागा त्यांनी हाताने उपसून साफ केली. आधी अंघोळ, मग जॅकेट, मग जिना हा क्रम त्या कोणालाच मोडू देत नाहीत. वर चुलीवरचे जेवणही मिळते. एकच सेनोते करायचा असेल तर आम्ही इक किलऐवजी हा सुचवू.

तिथे किंवा कोणत्याही उघड्या सेनोतेत कडेच्या भिंतीकडे लक्ष ठेवावे. तोह नावाचा नीलहरित पक्षी त्या चुनखडीच्या बिळांत घरटे करतो. तो दिसला की जवळ पाणी आहे, हे माया वाटसरूंना कळत असे. शेपटीची दोन लांब पिसे टोकाशी पानासारखी रुंदावतात आणि बसल्या जागी घड्याळाच्या लंबकासारखी डावीउजवीकडे हलतात. आरडाओरडा झाला की तो बिळाकडे न येता झाडावरच थांबून राहतो. तो दिसताच पोहणे थांबवावे, दोर धरून दोनचार मिनिटे गप्प तरंगावे, म्हणजे तो बिळात परततो.

आपले,
युकातानच्या प्रवासांचे नियोजन करणारे दोन वाचक